खवट वाडगा

प्रिय ताई,

शी! पत्राचा पहिलाच शब्द हा, पण इलाज नाही. तीनदा साबणाने हात धुतले, तरी नाकातला तो वास जात नाही. जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

आज दुपारी माळ्यावरून तुझं पार्सल काढलं. आठ महिने ते दोरीसकट तसंच पडून होतं. छापखान्यात पस्तीस वर्षं मी लोकांच्या चुकांवर लाल पेन फिरवलं. निवृत्त झाल्यावर लाकूड कातायचं लेथ मशीन घेतलं आणि वाडगे करत सुटलो. पहिला तुला दिला. चकाकी यावी म्हणून त्याला स्वयंपाकघरातलं तेल चोळचोळून पाजलं होतं. काय तो सोनेरी रंग! मी स्वतःवरच खूश. दोन-तीन महिन्यांनी तू फोनवर म्हणालीस, याला वास येतोय रे. आणि मी? माझं कौतुक तुला लहानपणापासून बघवलं नाही, असं म्हणून फोन आपटला. तू वाडगा परत पाठवलास, तो मी उघडलाही नाही.

आज उघडला, तर बोटं चिकटली. तळाला मेलेल्या मुंग्या, कडेला काळी चिकट धूळ, आणि तो खवट भपकारा! ओकारीच आली. असले वाडगे मी सगळ्या नातेवाइकांना वाटलेत गं. सगळे तोंडभरून म्हणतात, काय हात आहे तुमचा! संध्याकाळी न सांगता लेकीकडे गेलो. तिला दिलेला वाडगा गॅलरीत, चपलांमागे, पिशवीत गाठ मारून ठेवलेला. मी येणार असलो की घासूनपुसून टेबलावर येतो, हे जावयाच्या तोंडून निघून गेलं. मला वाडग्याची किळस आली, त्यांच्या गोड बोलण्याची त्याहून जास्त, आणि माझी तर विचारूच नकोस.

खरं बोललीस ती तू एकटी. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही मी फुगून घरी बसलो. चुकलो, ताई. तुझा वाडगा पुन्हा मशीनवर चढवलाय. खरवडता खरवडता आतलं कोरं लाकूड दिसायला लागलंय. आता त्याला काही चोळणार नाही. रविवारी घेऊन येतो. दारातच नाकाला लावून बघ. वास आला तर वाडगा फेकून दे, मला मात्र आत घे.

तुझाच,
धाकटा