बंद आहे, मेलेला नाही

दादा,

बाबांच्या रेडिओचा पॉवर सप्लाय टेबलावर उघडा पडलाय. तुझी उपद्व्यापी बोटं त्यात घालू नकोस! घरातल्या विजेचा जोर उतरवून तो रेडिओला पचेल एवढीच वीज देतो खरा, पण पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते. म्हणूनच बाबांनी झाकणाच्या आत लिहून ठेवलं होतं, ‘बंद आहे, मेलेला नाही.’

झाकण मी काढलं आणि ते नेमकं आईनं वाचलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. मग तिनं बाबांचं ताट वाढलं.

मी तिला घेऊन मावशीकडे जातेय. ताट झाकून ठेवलंय. माझ्याच्यानं उचलवलं नाही, तुला जमतंय का बघ.

— चिमी