परसातली दोरी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. म्हणजे मी ठीक आहे, कारण 'सगळे' म्हणायला आता मीच उरलोय. तुला फोन लावतो, तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर उचलला असतास तरी फार उपयोग झाला नसता. फोनवर माझी गाडी 'हं' आणि 'बरं'च्या पुढे सरकत नाही. तू मला मुक्या म्हणतेस ते काही उगाच नाही. दुकानात पावतीपलीकडे मी काही लिहीत नाही, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे. आई गेल्यावर तू दोन दिवस राहिलीस आणि निघताना दारात, बॅग हातात घेऊन म्हणालीस, "तिनं जिवंतपणी मला ओळख दिली नाही रे, आता मी रडू तरी कुणासाठी?" कापडाच्या दुकानासमोरचा तो प्रसंग तू तेव्हा पहिल्यांदा सांगितलास, तोही चपला घालता घालता. तू गेलीस. तेव्हापासून मी त्या वाक्याशी एकटाच बसलोय.

भिंगरी आजारी आहे. तूच आणलेली, कापडी पिशवीतून, मूठभर होती तेव्हा. जमिनीवर ठेवल्याबरोबर स्वतःभोवती गरागरा फिरली म्हणून तू तिला भिंगरी म्हणालीस आणि आई म्हणाली, "घरात एक मुका आहे, एक तोंडाळ आहे, आता ही एक ब्याद कशाला?" मग त्याच ब्यादेला तिनं आपल्यापेक्षा जास्त लाडावलं. मध्ये तिच्या जोडीला आणखी दोन कोंबड्या होत्या, तू आईशी अबोला धरून घर सोडलंस त्यानंतरची गोष्ट. त्या दोघींनी टोचून टोचून भिंगरीचा तुरा रक्ताळवला, तेव्हा आईनं त्या शेजारच्या शिलाईवाल्या काकूंना देऊन टाकल्या. मला म्हणाली, "तिघींचं करणं आता होत नाही माझ्याच्यानं." मी म्हणालो, बरं.

तू परत गेल्यावर घर मला खायला उठलं. दुकान उघडावंसं वाटेना, म्हणून मी घर आवरायला काढलं. परस तर किती वर्षांत कुणी हलवलं नव्हतं. पाण्याचं मातीचं पसरट भांडं नळाजवळून उचलून भिंतीकडेला ठेवलं, दाण्याची परात धुऊन पायरीवर ठेवली, खुराडं उन्हाला यावं म्हणून तोंड फिरवून लावलं. मागच्या दारापासून नळापर्यंत आणि नळापासून खुराड्यापर्यंत एक दोरी बांधलेली होती, तिला मधे मधे चिंध्यांच्या गाठी. कपडे वाळत घालावेत तर दोरी कमरेइतकीच उंच, चादर टाकली तर जमिनीला लागेल. कावळे हुसकायला बांधली असेल असं समजून मी ती कापून टाकली. परस असं लख्ख दिसायला लागलं की काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "वा! आता सून आणायलाच हरकत नाही." मला आठवतं, त्या दिवशी पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं होतं.

त्यानंतर भिंगरी खाईनाशी झाली. आईचा वियोग असेल असं आधी वाटलं. जनावरालाही माणूस कळतं म्हणतात. ती दिवसभर मोकळ्या जागेत मान वाकडी करून उभी राहायची, मग दोन पावलं टाकून थांबायची, मग पुन्हा जागच्या जागी फिरायची. मी दाणे टाकले की जमिनीवर चोच मारायची, पण दाणा एकीकडे आणि चोच दुसरीकडे. मी तिला दुकानातल्या लहान काट्यावर ठेवायला लागलो. दुसऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात आयुष्य चाललंय, तेवढंच मला कळतं. रोज काटा थोडा मागे. मग गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट लागायला लागली, तेव्हा घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना घरीच बोलावलं.

डॉक्टरांनी तिला मांडीवर घेतलं, डोळ्यांवर बॅटरी मारली आणि माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही डोळ्यांत दुधासारखी साय. "अहो, हिला दिसत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या आई हिला मागेच घेऊन आल्या होत्या माझ्याकडे." मी नाही म्हणालो. त्यांनी पाण्याचं भांडं कुठे आहे विचारलं, मी भिंतीकडे बोट दाखवलं. आधी कुठे होतं? नळाजवळ. मग त्यांनी समजावून सांगितलं की आंधळी कोंबडी जागा पाठ करते. तिच्या लेखी पाणी म्हणजे नळाजवळचं पाणी; भिंतीजवळ समुद्र आणून ठेवला तरी ती तहानेनं मरेल. ती तसंच करत होती. कोरडे दाणे पोटात, वर पाणी नाही, म्हणून पिशवी घट्ट झाली. मी स्वच्छ केलेल्या परसात ती चुकत होती, ताई.

जाता जाता ते आईच्या आठवणी सांगत होते. "मावशी मोठ्या गमतीच्या. मला विचारतात, डॉक्टर, हिला दिसत नाही हे बाकीच्यांना कळतं का हो? म्हटलं, कळतं, आज ना उद्या. मग काय करतात? म्हटलं, आधी खाण्यावरून हाकलतात, मग टोचतात. तर म्हणाल्या, म्हणजे कळू न दिलेलंच बरं की!" ते हसले, मीही हसल्यासारखं केलं. त्या दोन कोंबड्या काकूंकडे का गेल्या ते आता कळलं असं मला वाटलं. तेवढंच कळलं होतं.

मग मी परस पुन्हा होतं तसं करायला घेतलं. भांड्याचा गोल डाग नळाजवळच्या फरशीवर होताच, त्यावर भांडं बसवलं. परात काठ वर असलेली, दाण्यांचा ढीग करून, म्हणजे चोच चुकली तरी दाण्यातच पडते. खुराड्याचं तोंड पुन्हा दाराकडे. दिवसातून चार वेळा तिला मांडीवर घ्यायचं, ड्रॉपरनं कोमट पाणी आणि तेलाचे थेंब पाजायचे, पिशवी बोटांनी हलक्या हातानं चोळायची. उचलण्याआधी बोलायचं, नाहीतर ती दचकते आणि धडपडते. हे मला सगळ्यात जड गेलं. काय बोलावं तेच सुचेना. पहिले दोन-तीन दिवस मी नुसतं "मी आहे, मी आहे" म्हणत होतो. उकडलेल्या अंड्याचं पिवळं कुस्करून द्या असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकूंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "अरे, आईला लेकरं खायला घालतोस? हा कुठला डॉक्टर?" आणि तरी दुसऱ्या दिवशी त्या दोन कोंबड्यांनी घातलेली अंडी वाटीत घालून भिंतीवर ठेवून गेल्या. ज्यांनी टोचलं त्यांचीच अंडी.

दोरीसुद्धा मी पुन्हा बांधली. तीच, कापलेली टोकं जोडून. गाठी कुठे होत्या ते आठवून आठवून चिंध्या लावत होतो, पायरीजवळ एक, नळाजवळ दोन, खुराड्याजवळ तीन, तेवढ्यात डॉक्टर दुसऱ्यांदा आले. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आईनं भिंगरीसाठी केलेलं सगळं होतं तसं लावतोय. त्यांनी दोरी हातानं वर-खाली हलवून पाहिली. म्हणाले, "अहो, कोंबडीला दोरीचा काय उपयोग? तिला हात आहेत का?"

ताई, मी हातात चिंधी घेऊन उभाच राहिलो. डॉक्टर भिंगरीला तपासत होते, पिशवी मऊ लागतेय म्हणत होते, आणि मी दोरीकडे बघत होतो. ते गेल्यावर मी मागच्या दारात गेलो, डोळे मिटले आणि दोरीला हात लावून चालायला लागलो. एक गाठ, पायरी. दोन गाठी, नळ. पाय कशालाही न अडखळता मी खुराड्यापर्यंत गेलो.

काकूंकडे गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या. मी काही विचारायच्या आतच माझा चेहरा बघून त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं? एका घरात राहून?" मग लगेच त्यांनाच कसंतरी झालं आणि त्या डोळे पुसायला लागल्या. आईला बरीच वर्षं कमी दिसत होतं, शेवटची दीड-दोन वर्षं तर उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काकूच घेऊन गेल्या होत्या. उशीर झाला, आता काही होण्यासारखं नाही, असं त्यांनी सांगितलं. आईनं काकूंना शपथ घातली होती. "मुलाला कळलं तर तो दुकान सोडून माझ्याजवळ बसेल, गॅसला हात लावू देणार नाही, आणि मुलगी येईल ती दया म्हणून येईल. मला ती तशी यायला नको आहे." हे काकूंनी सांगितलेले तिचे शब्द आहेत. बाहेर जायचं तर काकूंचा दंड धरून जायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं दोघी मैत्रिणी हातात हात घालून चालल्यात.

आता एकेक आठवत बसतो. खुर्ची जागची हलली की ती किती चिडायची. आपण म्हणायचो, वय झालं की माणूस हट्टी होतं. चहा ओतताना कपाच्या आत बोट. पेपर बंद केला, "रोज तेच तेच काय वाचायचं." दारात कुणी आलं की "बोला की" म्हणायची आणि समोरचा बोलेपर्यंत नाव घ्यायची नाही. तुझ्या मुलीचा फोटो आला तेव्हा तिनं तो बराच वेळ हातात धरला, मग माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मुक्या, आज जरा तू बोल. कशी दिसते ते तुझ्या तोंडून ऐकू दे." मला वाटलं, माझी चेष्टा करतेय. मी म्हणालो, छान आहे. संध्याकाळी परसात बसायची तेव्हाही विचारायची, बाहेर काय दिसतंय रे? मी म्हणायचो, काही नाही. तेवढंच दिसत असेल तिला मग.

भिंगरीचं वजन दोन-चार दिवस सावरलं आणि पुन्हा उतरायला लागलं. पिशवी सुटली, पण ती आता म्हातारी झालीय, डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं सांगितलंय. दाणे अर्धे ठेवते. एवढंच आहे की मी बोललो की मान बरोबर माझ्या दिशेला वळवते. त्यामुळे मी तिच्याशी बोलतो. दुकानात काय झालं, कुणाचा काटा आला, भाजीवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक कसं सापडलं आणि तो कसा "मुलांनी चिकटवलं असेल" म्हणाला. बाहेर काय दिसतंय तेही सांगतो. तू ऐकलंस तर तुला खरं वाटणार नाही.

हे सगळं तुला कळवावं की नाही, यावर मी फार विचार केला. कळवलं तर एक सल जाईल आणि दुसरी येईल, हे मला समजतं. पण त्या कापडाच्या दुकानाचं मी काकूंना मुद्दाम विचारलं, आणि त्यांना तो दिवस आठवतो. त्या आत अस्तराचा भाव करत होत्या. आईला गुदमरायला लागलं म्हणून तिला त्यांनी बाहेरच्या पायरीवर उभं केलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत इथून हलू नका. तू समोरच्या फुटपाथवर मुलीला घेऊन उभी होतीस, तू हात वर केलास, आई थेट तुझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं, असं तू सांगितलंस. आधी तिनं हाक मारावी म्हणून तू थांबलीस, हेही तूच सांगितलंस. ती तुझ्याकडे बघत नव्हती, ताई. ती ऐकत होती. काकू बाहेर आल्या तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "समोर कुणी लहान मूल आहे का गं? हसल्यासारखं ऐकू आलं." काकूंनी पाहिलं, तोवर तिथे कुणी नव्हतं. कुणी नाही, चला, असं त्या म्हणाल्या. तरी ती जरा वेळ हलली नाही. एवढंच तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. आणि जमलं तर ये, भिंगरी आहे तोवर ये, मुलीला घेऊन ये. परसातलं काही मी हलवलेलं नाही, दोरीही आहे तिथेच आहे. फक्त येशील तेव्हा गुपचूप आत येऊ नकोस. फाटकातूनच हाक मार.

तुझाच,
मुक्या