दिरांसमोर घेतलेली वाइन

खालापूर, रविवार, डिसेंबर १९७६

आज दिरांसमोर वाइन प्यायले. जहाजावर काम करणाऱ्या माझ्या दादाने कुठल्याशा थंड किनाऱ्यावरची पांढरी वाइन आणली होती. म्हणाला, "ही लाकडी पिंपात मुरवत नाहीत, नुसती द्राक्षाची चव."

दिरांनी आपला पेला भरून घेतला आणि मला म्हणाले, "वयनी, तुमी आत जा. विधवेला शोभत नाय."

शोभत नाही? नवरा गेल्यावर भाताची लावणी एकटीने केली, तेव्हा कुणी आत जा म्हणालं?

"दादा, मलाही ओत."

आंबट, स्वच्छ, कच्च्या करवंदासारखी! दीर तणतणत निघून गेले. उद्या गावभर सांगतील. सांगू देत. तो आंबटपणा अजून जिभेवर आहे.

सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. वाटलं, आता मला बोलणार.

म्हणाल्या, "मला बी दे गं घोटभर."