बाकावरच्या बाईची वही

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. जीव मात्र स्वस्थ नाही. एवढ्यात तीनदा उठून खिडकीपाशी जाऊन आलो. वकीलसाहेब म्हणतात, "काका, मुद्द्याचं लिहा."

१. राहत्या दोन खोल्या मुलाला. खिडक्यांना रंग त्याने द्यावा. मी नुसता म्हणतच राहिलो.

२. शब्दकोश आणि भिंग छापखान्यातल्या त्या सहकाऱ्याला, ज्याने मला जन्मभर 'स्वल्पविराम' म्हणून चिडवले. त्यालाच गरज जास्त.

३. निळ्या पुठ्ठ्याची वही धाकट्या बहिणीला. इथे खुलासा हवा.

बहीण परिचारिका. तिने या वहीत कादंबरी लिहिली: नवऱ्याची शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बाकावर बसलेली बाई. वेळ वीस मिनिटे, पाने दोनशे. घडत काहीच नाही. नुसते मन, अर्धी वाक्ये, बापाच्या आठवणीत मध्येच भाजीची यादी. त्याच सुमारास तिचे बाळंतपण आले. "दादा बघेल," असे प्रकाशकाला सांगून ती मोकळी झाली. मी जुन्या वळणाचा. माणूस त्याच्या घरातून, कपड्यांतून, वागण्यातून दिसावा, असे माझे ठाम मत. मी पूर्णविराम घातले, जागोजागी 'तिला वाटले' घातले, सासऱ्याशी एक भांडणही रचून घातले. पुस्तक गाजले. ती वाचून म्हणाली, "दादा, यात सगळं घडतंय. पण बाकावरची बाई कुठे गेली?" त्यानंतर तिने लिहिले नाही.

पुढे पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तसाच बाकावर बसलो. पाहणाऱ्याला घड्याळ बघणारा एक म्हातारा दिसला असेल. आत मात्र गॅस बंद केला का तिची चप्पल कोणी उचलली लग्नात ती मला हसली की माझ्या टोपीला आता दूधवाल्याला कोण सांगणार आणि राग, तिचाच राग, अशी निघून कशी जातेस. यात पूर्णविराम कुठे घालणार? पत्नी गेली. घरी येऊन मी कपाटातली मूळ वही काढली आणि उभ्यानेच वाचली.

'वही आहे तशी छापावी,' असे मी या कलमात लिहिले होते. आज बहिणीला मसुदा वाचून दाखवला.

"म्हणजे पुन्हा तूच ठरवणार?"

"मग काय लिहू?"

"माझी आहे, एवढंच लिही."

म्हणून दुरुस्ती: वही तिचीच आहे. मी ती देत नाही, परत करतो. छापो वा फाडो. त्यासाठी माझ्या मरणाची वाट कशाला, आत्ताच तिच्या हातात दिली. तिने मधलेच एक पान उघडले, माझे पेन मागून घेतले आणि समासात लिहू लागली.

साक्षीदार: वकीलसाहेब, शेजारच्या शिंपीणबाई.

स्थळ: राहते घर. दिनांक: ९ जानेवारी, सकाळी अकरा.

सही वकीलसाहेबांच्या पेनाने केली आहे. माझे अजून परत मिळालेले नाही.