चिमीच्या पेटीला दुपारी येणारं टेंगूळ

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. वाकता येतं, कारण गुडघा ठणठणीत आहे. तो दुखतो असं मी इथे दोन दिवस सांगते आहे, त्याचं कारण पुढे येईल. तुझा कसा आहे? भावजींचा खोकला थांबला का? तू दिलेली शाल फार उबदार आहे. तिचंही पुढे येईल. आज गुरुवार, दुपारचे दोन वाजलेत. संध्याकाळी सहापर्यंत मला एका जागी बसवणार नाही, म्हणून ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे.

आपली चिमी (लेकीला चौतिसावं लागलं तरी चिमीच) तीन वर्षं एक पेटी बनवते आहे हे तुला माहीत आहेच. पेटी म्हणजे कपाटाएवढी. ती विमानात बसवायची, विमान उंच न्यायचं, मग पेटीने नळीतून बाहेरची हवा ओढायची आणि ओझोन कशापासून होतो, कशाने मरतो, ते मोजायचं. हा ओझोन वर असला तर उन्हापासून आपल्याला सांभाळतो, खाली आला की छातीला त्रास देतो. (आपल्या थोरल्या मामांसारखं. परगावी होते तोवर केवढा आधार वाटायचा, राहायला आले आणि कळलं.) पेटीचं नाक भलतं तिखट आहे. म्हणून विमानात चढवण्याआधी ती विमानतळावरच्या शेडमध्ये, गाळलेल्या हवेत, चोवीस तास चालवून बघतात. पडद्यावरची रेघ सरळ राहिली तर पेटी चढणार. नाही राहिली तर तिच्या जागी दुसऱ्यांची पेटी, आणि हिचा नंबर पुन्हा दोन वर्षांनी. मोठ्या साहेबांनी तसं तोंडावर सांगितलंय.

आणि गेल्या गुरुवारपासून जवळजवळ रोज दुपारी त्या रेघेला टेंगूळ येत होतं.

चिमीने सगळे सांधे उघडले, नळ्या बदलल्या, पुन्हा बसवल्या. जेवण सुटलं. तिचा मेकॅनिक पन्नाशीचा, केसांनी आणि स्वभावाने मोकळा. तो म्हणाला, "मॅडम, यंत्र आपल्यापेक्षा शहाणं आहे, दुपारी जेवणाची सुट्टी घेतं." ती हसली नाही. मग सगळ्यांची नजर गेली फरशी पुसणाऱ्या बाईंवर. त्यांच्या फिनेलमुळेच होतंय असं ठरलं आणि मंगळवारी दुपारी त्यांना पार पलीकडच्या गोदामात धाडलं. बाई बादली उचलून गेल्या.

त्याच संध्याकाळी चिमीने रेघेचे कागद घरी आणून टेबलावर पसरले आणि त्यांच्यावरच डोकं टेकून झोपली. मी पांघरूण घालायला गेले आणि नजर पडली. तुला माझ्या वहीची खोड ठाऊक आहे. घरातून कोण कधी गेलं, कधी आलं, सगळं टिपलेलं असतं. वही आणून शेजारी धरली. गुरुवारी मी चिमीचा डबा घेऊन शेडमध्ये पोचले एकला दहा कमी, टेंगूळ एकला दहा कमी. शुक्रवारी बस चुकली, वीस मिनिटं उशीर. टेंगळालाही वीस मिनिटं उशीर. रविवारी मी गेले नाही, रेघ न्हाऊनमाखून बसल्यासारखी सरळ. अक्का, मी पुन्हा एकदा तारखा जुळवून पाहिल्या. ते टेंगूळ म्हणजे मी होते.

तिने सांगितलं म्हणून मी निघण्याआधी उदबत्ती लावत नव्हते (देवाला कारण सांगून), डोक्याला तेल लावत नव्हते. पण शेडमध्ये थंडी फार, म्हणून शाल घ्यायची. ती शाल तुझ्या ट्रंकेत अकरा वर्षं डांबरगोळ्यांच्या शेजाराने राहिलेली.

चिमीला सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा "चहा करू का" एवढंच निघालं. तिचा चेहरा बघवत नव्हता. कालपासून गुडघा दुखतो म्हणून मी जात नाही. डबा मेकॅनिक नेतो. आज त्याने विचारलं, "कसा आहे गुडघा?" मी डावा दाखवला. तो म्हणाला, "काल उजवा होता." मी म्हटलं, वयात दोन्ही येतात. काल संध्याकाळी सहाला चोवीस तास सुरू झाले. मघापासून डबे घासून झाले, जिना झाडून झाला, शेजारणीचाही. देवाला म्हटलं, रेघ सरळ ठेव. मग वाटलं, खोटं बोलणाऱ्या बाईचं त्याने का ऐकावं? म्हणून हेही सांगितलं की अर्ज चिमीच्या नावावर धर, माझ्या नको.

भावजींना नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. तू चिमीला एक वेगळं पत्र टाक, की शालीत गोळ्या तू ठेवल्या होत्यास (ते खरंच आहे), आणि पेटीचं ऐकून तुला आपणहून शंका आली (ते मात्र जुळवून लिही). म्हणजे त्या बाईंवरचा आळ जाईल. तू मोठी, त्यात लांब. तुला कोण काय बोलणार? मला रोज तिच्यासमोर जेवायला बसायचं असतं.

ता. क. दुसरा. रात्रीचे आठ. रेघ सरळ राहिली. चिमी दारातूनच म्हणाली, "आई, फिनेलच होतं गं. तसं अहवालात लिहून टाकते." अहवालात म्हटल्यावर मला राहवेना. वही तिच्यापुढे ठेवली. तिने तारखांवरून बोट फिरवलं, शुक्रवारवर थांबवलं. मग म्हणाली, "शुक्रवारी मी त्या टेंगळाची वाट बघत वीस मिनिटं उपाशी बसले होते." मी म्हटलं, "डबाही त्याच्याबरोबरच होता ना." तेव्हा कुठे हसली, आणि लगेच साहेबांना फोन लावला. तेव्हा ते वेगळं पत्र लिहू नकोस.

ता. क. तिसरा. शनिवार. काल पेटी विमानात चढली. बाईंना शेडमध्ये परत आणलं. मी माफी मागायला गेले, बिनशालीची, दारापर्यंतच. त्या म्हणाल्या, "तुमचा वास मला पहिल्याच दिवशी आला होता की. पण मला विचारलं कुणी?" हे साहेबांच्या कानावर गेलं. आता दाराशी खुर्ची टाकून बाईंनाच बसवलंय. येईल त्याचा आधी वास घेतात, मगच आत सोडतात. आज सकाळी साहेबांनाच परत पाठवलं, दाढीचा साबण सुगंधी होता म्हणून.