कपाटाला सांगितलेलं कौतुक

प्रिय ठोंब्या,

(पाकिटावर मी ‘माननीय’ घातलं आहे, कारण पाकीट पोस्टमनच्या नजरेस पडतं आणि तो तुझा वाचक आहे. आत मात्र तू ठोंब्याच.)

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमी. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस का? मान अजून डावीकडेच दुखते, की आता काम बंद आहे म्हणून दोन्हीकडे दुखते? दाढी वाढवली असशील तर काढून टाक. दाढीवाला चित्रकार दिसला की लोकांना वाटतं काहीतरी खोल चाललंय, आणि मग ते आणखी पत्रं लिहितात.

तुझ्या प्रकाशकबाईंचा फोन आला होता. त्या फार हळू बोलत होत्या, कोणीतरी गेल्याचं कळवावं तशा. ‘विस्तव’ या तुझ्या चित्रकथेचा आठवा आणि शेवटचा भाग तू अर्ध्यावर सोडलास, आता काढणार नाही म्हणालास, आणि कारण काय, तर वाचकांचं कौतुक. ब्रश उचलला की शेकडो माणसं पाठीमागे उभी राहून वाहवा करताहेत असं तुला वाटतं आणि हात जागच्या जागी थिजतो. बाई बिचाऱ्या मला विचारत होत्या, कौतुकाने कोणाचं काम थांबतं का हो? मी म्हटलं, आमच्या घरात थांबतं.

त्यांना मी आपल्या घरची रीत समजावून सांगितली, पण त्यांच्या काही ती गळी उतरली नाही. आपल्याकडे तोंडावर कौतुक करायचं नाही, हे कोणी कधी शिकवलं नाही, ते भिंतींनाच माहीत होतं. बाबा तुझं चित्र बघून घड्याळाकडे वळायचे आणि घड्याळाला सांगायचे की घोडा घोड्यासारखा दिसतोय. आई कपाटाला सांगायची. मी वर्गात पहिली आले तेव्हा तिने मला ‘हात धू’ एवढंच म्हटलं, आणि मग कपाट उघडून, आत डोकं घालून, चादरींना बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. आपण दोघं दाराला कान लावून उभे होतो. (तू तेव्हा मला चिमटा काढलास. तो अजून हिशेबात आहे.) अशा घरात वाढलेल्या माणसाला जर अनोळखी लोक एकदम समोरून सांगायला लागले की तुम्ही थोर आहात, तर त्याचं बिनसणारच. उपाशी पोटाला एकदम पोटभर वाढलं तर सोसत नाही, तशातली गत. मी तुला दोष देत नाही.

दोष देते तो वेगळ्या गोष्टीसाठी. पत्रं नकोत तर नकोत, पण ‘वाचकांनी ताईच्या दुकानावर लिहावं’ हे छापायला तुला कोणी सांगितलं? माझं चष्म्याचं दुकान आहे बाबा. दोन खुर्च्या, एक आरसा, अक्षरांचा तक्ता आणि काचा घासायचं यंत्र, एवढ्यात संपतं. आता फ्रेमच्या खणांत पत्रं आहेत, खुर्चीखाली पत्रं आहेत, आणि परवा एका गृहस्थांना मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत घालून एका नर्सबाईंचं पत्र देऊन टाकलं. ते दुसऱ्या दिवशी पत्र परत घेऊन आले. म्हणाले, चष्मा उत्तम आहे, आणि या बाईंचं अगदी बरोबर आहे, तिसऱ्या भागात मीसुद्धा तिथेच रडलो होतो. पोस्टमन तर लिहायची तसदीच घेत नाही. काउंटरला टेकून तोंडी अभिप्राय देतो, आणि मागच्या गल्लीत लोक आपल्या टपालाची वाट बघत बसतात.

खरं नुकसान धंद्याचं झालं आहे. जवळचं वाचायचा नंबर काढताना मी गिऱ्हाइकाच्या हातात छोट्या अक्षरांचा कागद देते. हल्ली लोक म्हणतात, कागद नको, आमचं पुस्तक आहे. पिशवीतून ‘विस्तव’ निघतो. एक लिफ्ट दुरुस्त करणारा आला होता, चांगला धिप्पाड गडी. त्याने नेमकं ते पान उघडलं, जिथे आंधळा राक्षस विस्तव घेऊन निघालेल्या म्हातारीला पुढे जाऊ देतो आणि स्वतः राखेत उभा राहतो. पहिली काच घातली, वाचायला लागला आणि ढसाढसा रडला. मी त्याला पाणी दिलं, थांबले, दुसरी काच घातली, पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी असलं की नंबर निघत नाही, समोरचं सगळंच मोठं आणि वाकडं दिसतं. त्याला तीन वेळा परत पाठवावं लागलं. शेवटी मी त्याला औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचायला दिलं तेव्हा कुठे नंबर हाती लागला. जाताना सांगत होता, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमध्ये बसून त्याने तो भाग वाचला, आणि वरून सुटकेसाठी हाक आली तेव्हा तोच म्हणाला, जरा थांबा, दोन पानं राहिलीत. तुला हे कळवणं माझं कर्तव्य आहे म्हणून कळवते.

आता आईचं. तुला फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर ती शेजारीच असते. तिच्या नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, काय वाचायचं ते लवकर वाचून घ्या. (आईचं म्हणणं, जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्रीच्या वाफेसमोर उभं राहिल्याने असं झालं. डॉक्टर म्हणतात, वयाने. दोघंही आपापल्या मताला चिकटून आहेत.) मी गावभर लोकांना काचा घालून देते, आणि माझ्या आईला लावायला माझ्याकडे काच नाही. या गोष्टीचा मला फार त्रास होतो. सध्या ती भिंगाने वाचते, मान तिरकी करून, आणि वाचते काय, तर तुझे भाग.

पण कसे वाचते ते ऐक. तुझी पुस्तकं जपानी चित्रकथांसारखी, उजवीकडून डावीकडे उलटायची. आई जन्मभर जशी पुस्तकं उघडत आली तशीच तिने ही उघडली. त्यामुळे तिच्या हाती पहिल्यांदा लागली ती शेवटची पानं, म्हणजे वाचकांच्या अभिप्रायांची. राखेखाली गेलेलं जग नाही, न दिसणारा सूर्य नाही, थांबलेल्या माणसाला गिळणारी राख नाही आणि छातीशी मडक्यात शेवटचा विस्तव धरून चालणारी म्हातारीही नाही. तिला वाटलं, अभिप्राय हीच गोष्ट. एके दिवशी जेवताना मला विचारते, त्या दोघा भावांचं पुढे काय झालं? मी म्हटलं, कोण भाऊ? तर म्हणे, एकाच घरात राहतात, बोलत नाहीत, पण पुस्तक एकच वाचतात आणि खुणेला दोरा ठेवतात, ते. मग माझी ट्यूब पेटली. पाचव्या भागात छापलेलं पत्र ते. धाकट्याने लिहिलं होतं, की एकदा दोरा आठ दिवस हललाच नाही, तेव्हा त्याने कित्येक वर्षांनी थोरल्याच्या खोलीचं दार वाजवून विचारलं, बरं नाही का?

मला तिची चूक सुधारायची होती, अगदी जिभेवर आलं होतं. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसले. तू बघायला हवं होतंस. तिला सगळी माणसं पाठ आहेत. घर जळालेली एक बाई आहे, जिने फक्त एक ओळ लिहिली होती, की नंतरही काहीतरी असतं हे मला या पुस्तकाने सांगितलं. त्या बाईला आता नवीन घर मिळालं का, हे आई मला दर दोन दिवसांनी विचारते. चंद्राचा आकार चुकला म्हणून तक्रार करणारे गणिताचे मास्तर तिला मुळीच आवडत नाहीत. त्यांचं पुढे वाईट व्हावं अशी तिची इच्छा आहे. मग मी काय केलं, दुकानातली पत्रं रोज थोडी घरी न्यायला लागले आणि पुढचं प्रकरण म्हणून वाचून दाखवायला लागले. जिच्यापुढे तू डोळे मिटून घेतलेस ती सगळी वाहवा तिने आवडीने ऐकली. ‘माझा मुलगा’ असा शब्द एकदाही तोंडातून निघाला नाही. फक्त एवढंच, की हल्ली कपाट फार वेळा आवरलं जातं.

आणि मागच्या आठवड्यात ते दोघे भाऊ दुकानात आले. खरेखुरे, एकामागे एक, दोघांनाही चष्मा हवा होता. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. त्यांनी आपली ओळख सांगितली मात्र, ती उठलीच. थोरल्याला म्हणाली, तू मोठा ना, मग आधी तू बोलायला हवं होतंस. तो चांगला साठीचा माणूस, मान खाली घालून उभा. मी मध्ये पडणार इतक्यात माझ्या लक्षात आलं, की धाकटा आईच्या हाताकडे बघतोय. तिच्या अंगठ्यावर इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग आहे ना, तुझ्या म्हातारीला काढलायस तसाच, त्याकडे. मग थोरल्यानेही बघितलं. धाकट्याने अगदी हळू विचारलं, “आजी, ती तुम्हीच का?”

“मी कोणी नाही,” आई म्हणाली. “चष्म्याचं बघा.”

दोघांनी फ्रेमी निवडल्या, पण लक्ष कोणाचंच नव्हतं. दोघांनी एकसारखीच निवडली आणि जाताना अदलाबदल झाली. ती निस्तरायला मला परवा त्यांच्या घरी जावं लागलं.

तर असं सगळं आहे. हे पत्र मी केवळ टपालाच्या अडचणीसाठी लिहिते आहे. पत्ता बदलायला सांग, माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शेवटचा भाग काढ किंवा नको काढू, मी त्यात पडणार नाही. तू मोठा माणूस आहेस, तुझं तुला कळतं. (हे वाक्य लिहिताना मला हसू आवरलं नाही.)

जप स्वतःला. रात्री जागू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पत्ता बदलू नकोस. टपाल येऊ दे. लिफ्टवाला परवा दोन खण बसवून देऊन गेला, त्यात पत्रं राहतात. भाग मात्र काढ. मी मघाशी ‘त्यात पडणार नाही’ असं लिहिलं ते खोटं होतं.

ता. क. दुसरा. मी सातही भाग वाचले. ते कसे वाटले ते मी काचा घासायच्या यंत्राला सांगितलं आहे. त्याचा आवाज फार मोठा असतो, म्हणून बरं.

ता. क. तिसरा, आणि खरा. भाऊ येऊन गेले त्या दुपारी मी दुकानातून लवकर घरी आले. आई कपाटात डोकं घालून होती. मी आपली जुनी जागा धरली, दाराशी. ठोंब्या, तिला पुस्तक कुठल्या बाजूने उघडायचं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने सगळं वाचलं आहे, दोन्ही बाजूंनी, भिंगाने, रेघ न् रेघ. मला फसवून मजेत पत्रं ऐकत होती. कपाटाला सांगत होती, की हात काढायला पोराला चांगलं जमायला लागलं, पूर्वी नुसती पाच काकड्या काढायचा. मग म्हणाली, अंगठा उजवा भाजला होता, याने डावा काढलाय. माझ्या इस्त्रीच्या टेबलासमोर बसून अभ्यास करायचा ना, त्याला तसाच दिसला असणार. मग डोकं बाहेर काढलं. मला वाटलं संपलं. चादरी सारख्या करत पुढे म्हणाली, शेवटी म्हातारीला मारायचं असेल तर खुशाल मार म्हणावं, भिऊ नकोस, म्हाताऱ्या मरतातच. पण सात भाग झाले, बिचारी उभीच आहे.

तिला एकदा बसू दे.