जावईबापूंच्या टेबलावर

साडूभाऊ दगडोबा यांस पाटसहून आनंदरावाचा रामराम.

केंदूरला तुम्ही आन् ताई खुशाल असालच. आम्हीही बरे आहोत (कितपत, ते पुढं येईल). फोन न करता कागद लिहितोय, कारण ही गोष्ट तोंडानं सांगायला जीभ उचलत न्हाई.

आपल्या अनुपमाचे मालक रविराज डॉक्टर आहेत, हे तुम्हाला ठाऊक. कशाचे, ते मी कुणाला धड सांगितलं न्हाई. पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट असतं, त्यातला कॅन्सर ते रोबोटनं काढतात. परदेशी शिकून आले, पेपरात फोटो आला. तरी कारखान्यावर कुणी विचारलं की मी "मोठे सर्जन हायेत" म्हणून ऊसतोडीवर विषय न्यायचो.

आन् नेमका तोच आजार मला निघाला! दौंडला गुपचूप तपासून घेतलं. रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "पुण्याला डॉक्टर रविराज यांच्याकडं जा."

"दुसरं कुणी सांगा."

"का? भांडण आहे?"

"न्हाई. जावई हायेत."

साडूभाऊ, लग्नात ज्याचे पाय धुतले त्याच्यापुढं पायजमा सोडायचा? मी काढे पीत दिवस ढकलले. शेवटी आमच्या घरच्या सारजाबाईनं पोरीला कळवलं आन् रविराज स्वतः गाडी घेऊन आले. मी गोठ्यात म्हशीमागं जाऊन बसलो (होय, या वयात). ते तिथंच शेणात उभं राहून म्हणाले, "मामा, माझे सर ऑपरेशन करतील. मी खोलीतसुद्धा येणार नाही. घरच्या माणसावर हात चालवायची मलाही भीती वाटते."

तवा मात्र मला म्हशीचीसुद्धा लाज वाटली. लोकांचे जीव वाचवणारा माणूस माझ्या पायजम्यापायी दाराबाहेर उभा राहणार! म्हणलं, "भ्या नका, पाव्हणं. तुम्हीच करा."

केलं. यंत्र आपल्या मनानं कापत न्हाई. पाव्हणे बाजूला बसून, खोक्यात डोळे घालून त्याचे हात चालवतात. रोग सगळा निघाला. पण नंतर लघवी थांबंना. काही आठवडे नातीचे आन् माझे डायपर अनुपमा एकाच दुकानातून आणत होती.

आपला,
आनंदराव

ता. क. : वाचून झालं की कागद फाडून टाका.

ता. क. : फाडण्याआधी एवढं वाचा. रविवारी रविराजांचं तपासणी शिबिर केंदूरला आहे. शिरूरच्या शिबिरात एक बाप्या तपासायला पुढं आला न्हाई, सगळे लांबूनच रोबोट कुठाय म्हणून विचारत होते. तुम्ही पहिले उभे राहा, म्हंजी बाकीचे येतील. शिवाय एका जेवणात तुम्ही तीनदा उठता, असं ताई म्हणत होत्या.

ता. क. : सारजाबाईनं हा कागद आत्ताच फोनवर ताईंना वाचून दाखवला. ताई तुम्हाला रविवारी नेणारच हायेत. आपल्या पायानं गेलात तर तेवढीच अब्रू राहील.